लंडनच्या डंपरची डावी बाजू

२०१५ ते २०१७ या तीन वर्षांत लंडनमध्ये सायकलस्वारांचे जे जीवघेणे अपघात झाले, त्यांतल्या ६३ टक्के अपघातांत अवजड मालट्रक होता. शहरातल्या एकूण वाहनप्रवासात या ट्रकांचा वाटा होता अवघा ४ टक्के. आकडे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या तिथल्या सरकारी वाहतूक यंत्रणेचे आहेत. एवढी तफावत दिसली की पहिला संशय ड्रायव्हरवर जातो: दारू प्यायला असेल, डोळा लागला असेल, नाहीतर बेदरकार असेल. पण यातले बरेच अपघात चौकात घडले, ट्रक सिग्नलवरून नुकताच हलला असताना, सायकलपेक्षाही कमी वेगात. ट्रक डावीकडे वळत होता आणि सायकल त्याच्या डाव्या अंगाला होती.

ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्यामुळे पुढचं सगळं वर्णन मराठी वाचकाला मनातल्या मनात उलटं करून पाहावं लागणार नाही.

आधी वळणाची भूमिती. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांचा माग काढत जात नाहीत, ती आतून कोपरा कापतात. पुढची चाकं १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरताहेत आणि पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर अंतर आहे असं धरा. वळण पूर्ण भरात आलं की शाळेतला पायथागोरस लागू पडतो: मागची चाकं ८ मीटरच्या वर्तुळावरून जातात. म्हणजे पुढच्या चाकांच्या दोन मीटर आतून. ही दोन मीटरची पट्टी म्हणजे बरोबर ती जागा, जिथे फुटपाथच्या कडेने सायकलस्वार उभा असतो. ड्रायव्हरला हे पक्कं ठाऊक असतं. मागचं चाक फुटपाथवर चढू नये म्हणून अरुंद चौकात तो आधी गाडी किंचित उजवीकडे काढतो आणि मग डावीकडे घेतो. झालं, इथेच घोळ होतो. मागून येणाऱ्या सायकलस्वाराला दिसतं की ट्रक उजवीकडे सरकतोय आणि डावीकडे छान फट पडली आहे. तो फटीत शिरतो, आणि फट मिटायला लागते.

आता ड्रायव्हरच्या जागी बसून बघू. समजा त्याचा डोळा जमिनीपासून अडीच मीटरवर आहे आणि डाव्या दाराच्या काचेची खालची कड दोन मीटरवर. डोळ्यापासून त्या दारापर्यंतचं आडवं अंतर पावणेदोन मीटर. म्हणजे काचेच्या कडेला चाटून जाणारी नजर पावणेदोन मीटर पुढे जाताना अर्धा मीटर खाली उतरते. सायकलस्वाराचं डोकं साधारण दीड मीटरवर असतं. तिथपर्यंत उतरायला नजरेला दाराच्या बाहेर आणखी पावणेदोन मीटर जावं लागतं. सायकल दाराला यापेक्षा जवळ असेल, तर ड्रायव्हरने मान कितीही लांब केली तरी त्याला हेल्मेटसुद्धा दिसत नाही. बोनेटशिवायच्या सपाट तोंडाच्या ट्रकसमोरही असाच एक आंधळा पट्टा असतो. बांधकामाचे डंपर तर चिखलखड्ड्यांतून जायचे म्हणून आणखी उंच केलेले असतात. लंडनमध्ये त्या काळात इमारतींची कामं जोरात होती आणि हेच डंपर, हेच काँक्रीट मिक्सर अपघातांच्या नोंदींत पुन्हा पुन्हा येत होते.

कायदा नव्हता असं नाही. ट्रकच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या मोकळ्या जागेत आडव्या संरक्षक पट्ट्या, म्हणजे साइड गार्ड, लावण्याचा ब्रिटिश नियम १९८०च्या दशकातला. पण त्यातून डंपर, कचरागाड्या अशा काही गाड्यांना सूट होती. खडबडीत जागी गार्ड अडकतील हे कारण. आरशांचंही तसंच. २००३च्या युरोपीय निर्देशाने नव्या ट्रकना समोरचं दाखवणारा आरसा सक्तीचा केला. २००७च्या निर्देशाने २००० सालापासून नोंदलेल्या जुन्या ट्रकनाही बाजूचे जादा आरसे लावायला लावले, पण समोरचा आरसा त्यातून राहिला. म्हणजे ज्या गाड्यांचा धोका जास्त, त्याच गाड्या नियमांच्या फटींतून सुटत होत्या. नोव्हेंबर २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन आठवड्यांत सहा सायकलस्वार मेले आणि मग या फटी बुजवण्याचा रेटा वाढला. १ सप्टेंबर २०१५ पासून शहरात साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला साइड गार्ड आणि दोन जादा आरसे बंधनकारक झाले. ज्यांना आधी सूट होती, त्यांनाही.

साइड गार्ड हे या साऱ्या साधनांतलं सगळ्यात साधं, आणि माझ्या मते पैशाला सगळ्यात जास्त जागणारं. काम एकच: तोल गेलेला सायकलस्वार गाडीच्या पोटाखाली, मागच्या चाकांच्या वाटेत पडू नये. संयुक्त राष्ट्रांच्या ७३ क्रमांकाच्या नियमात त्याची मापं दिली आहेत आणि ती वाचताना प्रत्येक आकड्यामागे एक माणूस पडताना दिसतो. गार्डची खालची कड जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा वर नको. दोन आडव्या पट्ट्यांमधली फट ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर खांदा आत जाईल. मोठ्या ट्रकवर पट्टीची रुंदी किमान १० सेंटिमीटर. पुढचं टोक पुढच्या टायरपासून आणि मागचं टोक मागच्या टायरपासून ३० सेंटिमीटरच्या आत. पट्ट्या गाडीच्या बाहेरच्या कडेपासून १२ सेंटिमीटरपेक्षा आत ढकललेल्या नकोत.

मग येते ताकदीची चाचणी. २२ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट गोल तबकडीने गार्डवर एक किलोन्यूटन, म्हणजे साधारण शंभर किलो वजनाएवढा, दाब द्यायचा. गार्ड १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आत वाकता कामा नये. मागच्या टोकाच्या शेवटच्या २५ सेंटिमीटरमध्ये मात्र सवलत फक्त ३ सेंटिमीटरची, कारण त्याच्या लगेच मागे चाक आहे. शंभर किलो म्हणजे मोटारीची धडक झेलण्यासाठी ही वस्तू नाही, ती माणसाच्या अंगाएवढ्याच भारासाठी आहे.

गॅरेजमध्ये बसवताना ही मापं फितूर होतात. चासीच्या कडेला आधीच डिझेलची टाकी असते, हवेच्या ब्रेकच्या टाक्या असतात, टूलबॉक्स, बॅटरी, एखादा हायड्रॉलिक पंप. टाकी पुरेशी बाहेर आणि पुरेशी खाली असेल तर तीच गार्डचा भाग धरता येते. मग उरलेल्या जागेत पट्ट्यांचे तुकडे बसवायचे. पट्ट्या बहुतेकदा ॲल्युमिनियमच्या, आणि त्यांना धरणारे लोखंडी अँगल चासीवर बोल्टने आवळायचे. चासीच्या पोलादात वाटेल तिथे भोक पाडायचं नाही किंवा वेल्डिंग मारायचं नाही, कारण तिथून तडा जाऊ शकतो. कंपनीने ठेवलेली भोकंच वापरायची. डंपरसाठी बिजागरीवरचे गार्ड मिळतात. साइटवर गेल्यावर ते वर उचलून अडकवायचे, रस्त्यावर येताना खाली सोडायचे. सोडायला विसरलं की गार्ड असूनही नसल्यासारखा.

पट्ट्यांऐवजी पूर्ण सपाट पत्रा लावला तर अधिक चांगलं, कारण पट्टीला हँडल किंवा पेडल अडकू शकतं आणि पत्र्यावरून माणूस घसरत जातो. बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये महापालिकेच्या ट्रकना गार्ड लावण्याचे नियम अनुक्रमे २०१४ आणि २०१५ मध्ये झाले, तेव्हा ब्रिटनचाच दाखला दिला गेला होता: सक्ती आल्यावर तिथे ट्रकच्या बाजूवर आदळून होणारे सायकलस्वारांचे मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी झाले होते. मर्यादाही सांगायला हवी. ट्रक सायकलला ओलांडून सरळ जात असेल तेव्हा गार्ड उत्तम. डावीकडे वळताना केबिनच्या कोपऱ्याने माणसाला आधीच जमिनीवर पाडलं असेल, तर ५५ सेंटिमीटरच्या फटीतून आडवा माणूस आत जाऊ शकतो. म्हणून गार्डवर थांबता येत नाही, आधी माणूस दिसायला हवा.

दिसण्याचा पहिला उपाय आरसा. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना मागचं दाखवणारा मुख्य आरसा असतो, त्याला लागून रुंद दृश्य दाखवणारा. लंडनच्या नियमाने भर दिला तो वर्गीकरणातल्या पाचव्या आणि सहाव्या वर्गाच्या आरशांवर. पाचवा डाव्या दाराच्या वर, जमिनीपासून किमान दोन मीटर उंचीवर, खाली तोंड करून बसतो. मूळ नियमानुसार त्याने दाखवायची जमीन म्हणजे केबिनपासून दोन मीटर बाहेरपर्यंतचा, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या एक मीटर पुढपासून पावणेदोन मीटर मागपर्यंतचा आयत. सहावा आरसा पुढच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात लोंबतो आणि बंपरपुढची दोन मीटर जमीन दाखवतो. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही आंधळे पट्टे कागदावर तरी भरून निघाले.

आरसा लावणं सोपं, तो जुळवणं अवघड. चांगल्या डेपोत जमिनीवर रंगाने हे आयत आखून ठेवलेले असतात. ड्रायव्हरने गाडी त्यांच्यामध्ये उभी करायची, स्वतःच्या उंचीप्रमाणे सीट लावायची आणि प्रत्येक आरशात आपापला रंग पूर्ण दिसेपर्यंत आरसा फिरवायचा. दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर आला की पुन्हा पहिल्यापासून. आरसे फुगीर असतात, त्यामुळे माणूस इवलासा दिसतो, वाकडा दिसतो आणि आहे त्यापेक्षा लांब वाटतो. शिवाय दोन्ही बाजूंचे आरशांचे जुडगे आणि काचेचा खांब मिळून समोर तिरपा एक नवाच आडोसा तयार करतात. चौकात वळताना नेमका त्यामागे माणूस दडतो.

खरी अडचण वेळेची आहे. डाव्या वळणाच्या दोन-तीन सेकंदांत ड्रायव्हरने समोरचा सिग्नल, उजवीकडची गाडी, पादचारी आणि डावीकडचे तीन-चार आरसे असं सगळं पाहायचं. एका आरशावरून दुसऱ्यावर नजर जाईपर्यंत पहिल्यातलं दृश्य बदललेलं असतं. लीड्स विद्यापीठ आणि अरुप या सल्लागार संस्थेने सिम्युलेटरवर हे मोजलं. माणूस थेट काचेतून दिसला तर ड्रायव्हर जेवढ्या वेळात प्रतिसाद देतो, त्यापेक्षा आरशातून किंवा पडद्यावरून दिसल्यावर ०.७ सेकंद जास्त घेतो. ताशी २४ किलोमीटरच्या वेगाने तेवढ्यात ट्रक ४.७ मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे सायकल गाठून, ओलांडून गेलेला असतो.

या ०.७ सेकंदातून पुढची सगळी कहाणी निघाली. सप्टेंबर २०१६ मध्ये महापौर सादिक खान यांनी जाहीर केलं की आरशांच्या भरवशावर न राहता ट्रकच्या काचेतून थेट किती दिसतं याला तारे द्यायचे, शून्य ते पाच, आणि शून्य ताऱ्याच्या गाड्या शहरात येऊ द्यायच्या नाहीत. याला डायरेक्ट व्हिजन स्टँडर्ड म्हणतात. आपण थेट दृष्टीचं मानक म्हणू. मोजण्याची पद्धत लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवली. ट्रकच्या केबिनचा त्रिमितीय नकाशा संगणकात घ्यायचा. ड्रायव्हरचे डोळे ठरावीक जागी धरायचे. केबिनभोवतीच्या, जिथे पादचारी आणि सायकलस्वार असू शकतात अशा, अवकाशाचा किती भाग त्या डोळ्यांना काचांमधून दिसतो त्याचं घनफळ काढायचं. आणि लहान चणीची बाई गाडीभोवती वेगवेगळ्या ठिकाणी उभी केली, तर तिचं डोकं आणि खांदे केबिनपासून किती अंतरावर दिसू लागतात, यावर ताऱ्यांच्या पायऱ्या ठरवायच्या. सरासरी उंचीचा पुरुष न धरता बुटकी बाई धरली, हे मला या मानकातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

ताऱ्यांवरून केबिनचं आतलं रूप कळतं. इंजिनाच्या डोक्यावर चढवलेली, लांब पल्ल्याची उंच केबिन शून्य किंवा एक ताऱ्यावर अडकते. कचरागाड्यांसाठी बनलेली खुजी केबिन, जशी मर्सिडीज इकॉनिक किंवा डेनिस ईगलची, वरच्या ताऱ्यांत जाते. त्यात ड्रायव्हर इंजिनाच्या वर न बसता पुढे आणि खाली बसतो, समोरची काच खूप खालपर्यंत येते आणि डाव्या दारालाही वरपासून खालपर्यंत काच असते. सिग्नलला उभ्या सायकलस्वाराच्या आणि ड्रायव्हरच्या डोळ्यांची गाठ पडू शकते. दुसऱ्या केबिनींना निदान डाव्या दाराच्या खालच्या अर्ध्यात काचेची खिडकी पाडून घेता येते. मात्र तिच्या आत जेवणाचा डबा, हेल्मेट आणि पावत्यांचं पुडकं ठेवलं तर ती पुन्हा पत्र्याचीच.

शून्य तारा म्हणजे बंदी, ही मूळ घोषणा टिकली नाही. वाहतूकदारांनी ओरड केली आणि त्यांची बाजू पूर्ण खोटीही नव्हती: दहा वर्षं चालायची गाडी कोण लगेच मोडीत काढणार? तडजोड अशी झाली की १२ टनांवरच्या ज्या गाडीला पुरेसे तारे नाहीत, तिने ठरलेली सुरक्षा साधनं बसवली तर परवाना मिळेल. कोविडमुळे लांबणीवर पडून १ मार्च २०२१ पासून अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा उंबरठा एका ताऱ्याचा होता. २८ ऑक्टोबर २०२४ पासून तो तीन ताऱ्यांचा झाला आणि साधनांची यादीही कडक झाली. बाजारात साधनं आणि ती बसवणारे हात दोन्ही कमी पडले, म्हणून काम नोंदवून ठेवलेल्या गाड्यांना ४ मे २०२५ पर्यंत मुदत दिली गेली.

पहिल्या यादीत बाजूला सेन्सर लावा एवढंच होतं, म्हणून बहुतेकांनी मोटारीच्या रिव्हर्सला असतात तसे अल्ट्रासॉनिक सेन्सर गार्डवर ओळीने बसवले. सेन्सर आवाजाची लहर सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते पाहतो. दीड मीटरवरच्या वस्तूवरून ती सुमारे ९ मिलिसेकंदांत परत येते. वस्तू आहे एवढंच त्याला कळतं. ती सायकल आहे की रेलिंग, खांब, उभी मोटार, फुटपाथवरची कचरापेटी, हे त्याला कळायचं साधन नाही. लंडनच्या अरुंद रस्त्यांवर त्यामुळे केबिनमध्ये अखंड टीं-टीं. दिवसभर खोटं ओरडणाऱ्या यंत्राकडे माणूस तासाभरात कानाडोळा करायला लागतो. सदोष गजर, नसलेल्या गजरापेक्षा फारसा बरा नाही.

म्हणून २०२४च्या यादीत स्पष्ट अट आली: बाजूच्या यंत्रणेने सायकलस्वार ओळखला पाहिजे, रस्त्याकडेच्या निर्जीव वस्तू आणि उभ्या गाड्या पाहून ओरडता कामा नये. हे काम रडार किंवा प्रतिमा ओळखणारा कॅमेरा करतो. रडारला वस्तूचं अंतर आणि तिचा वेगही कळतो. ट्रक स्वतः किती वेगाने आणि किती वळून चाललाय हे त्याला दिलं, की खांब मागे पडतोय आणि सायकल सोबत येतेय हा फरक हिशेबाने निघतो. संयुक्त राष्ट्रांचा १५१ क्रमांकाचा नियम अशा यंत्रणेची कसोटी सांगतो: ट्रक उभा असल्यापासून ताशी ३० किलोमीटरपर्यंत ती चालली पाहिजे, चाचणीतली बनावट सायकल ताशी ५ ते २० किलोमीटरने बाजूने न्यायची आणि वाटेतल्या रस्त्याच्या पाटीवर यंत्रणा फसता कामा नये. इशाऱ्याच्या दोन पायऱ्या. जवळ सायकल आहे तोवर शांत दिवा, आणि धडकेचा रंग दिसला की वेगळ्या प्रकारचा, जोराचा इशारा. दिवा डाव्या खांबापाशी बसवतात, म्हणजे नजर आपोआप जायला हवी तिकडेच जाते. समोरच्या पट्ट्यासाठी वेगळी यंत्रणा, १५९ क्रमांकाच्या नियमाची: ट्रक हलण्याच्या बेतात असताना बंपरपुढे पादचारी किंवा सायकलस्वार असला तर ती सांगते.

बसवणाऱ्या वायरमनच्या दृष्टीने रडार लावणं सोपं, त्याला गाडीची माहिती देणं किचकट. वेगाचा संकेत गाडीच्या संगणकातून घ्यायचा, डाव्या इंडिकेटरची तार पकडायची, पडदा ड्रायव्हरची समोरची नजर न अडवता बसवायचा. रडार चासीशी ठरावीक कोनात हवं; गार्डला धक्का लागून कोन बदलला तर ते भलतीकडेच बघत बसतं. जुन्या गाडीवर हे सगळं नंतर बसवण्याला ठिगळाची कळा असतेच. युरोपात या दोन्ही यंत्रणा २०२२ पासून नव्या मॉडेलवर आणि जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकवर कारखान्यातूनच येतात. थेट दृष्टीची अटही तिथे २०२६ पासून नव्या मॉडेलना आणि २०२९ पासून सगळ्या नव्या ट्रकना लागू होणार, असं ठरलेलं आहे.

यादीत आणखी दोन गोष्टी आहेत. डावा इंडिकेटर दिला की बाहेर ऐकू येणारी ‘गाडी डावीकडे वळत आहे’ ही सूचना, आणि गाडीच्या मागे व बाजूला धोक्याचे स्टिकर. आवाजाची सूचना कामाची. फटीत शिरलेल्या सायकलस्वाराला इंडिकेटर दिसत नसला तरी ती कानावर पडते. स्टिकरबद्दल मला फारशी श्रद्धा नाही. लंडनमध्ये आधी ‘सायकलस्वारांनो, मागे राहा’ अशा मजकुराचे स्टिकर निघाले आणि सायकल संघटना भडकल्या: रस्ता आमचाही आहे, मागे राहा म्हणजे काय? बसमागेही राहायचं, टॅक्सीमागेही? मग मजकूर ‘इथे ड्रायव्हरला दिसत नाही, जपा’ अशा अर्थाचा झाला. हा बदल रास्त होता. पण जो स्टिकर वाचायला गाडीच्या मागे असावं लागतं, तो पुढे निघून गेलेल्याला काय सांगणार?

परवाना फुकट असतो. तो काचेवर लावायचा नसतो, गाडीच्या नंबराशी जोडलेला असतो. रस्त्यावरचे कॅमेरे नंबर वाचून तपासतात, रात्रंदिवस. परवाना नसेल तर दंड ५५० पौंड, १४ दिवसांत भरला तर निम्मा. साधनं बसवल्याचा पुरावा म्हणून गाडीचे फोटो पाठवायचे. इथे एक मोकळी जागा राहते, कारण फोटोत कॅमेरा दिसतो, त्याच्यामागची तार जोडलेली आहे की नाही ते दिसत नाही.

हे वाचताना आपल्याकडचा क्लीनर आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ट्रकच्या डाव्या दारातून अर्धा बाहेर झुकलेला, पत्र्यावर थाप मारून ‘येऊ दे, येऊ दे’ करणारा आणि मध्येच ‘उस्ताद, सायकल!’ म्हणून ओरडणारा पोऱ्या म्हणजे पाचवा आरसा, रडार आणि बाहेरची सूचना असं सगळं एकात. लंडनचा ड्रायव्हर केबिनमध्ये एकटा असतो, म्हणून तिथे या प्रत्येक कामाला एकेक उपकरण लागलं. पण आपल्याकडेही खर्च वाचवायला क्लीनरशिवाय गाड्या निघू लागल्या आहेत, आणि नव्या मोठ्या ट्रकना २०२५ पासून एसी केबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरच्या उन्हातान्हाच्या हालांसाठी ती हवीच होती, पण काच बंद झाली की थापही ऐकू येत नाही आणि सायकलची घंटीही. साइड गार्डचं मानक आपल्याकडेही आहे, आयएस १४६८२. शहरात फिरणारे डंपर बघताना त्याच्या पट्ट्या वाकून आत गेलेल्या, किंवा एका बाजूला नुसते अँगल उरलेले दिसतात, तेव्हा ५५, ३० आणि १२ सेंटिमीटर हे आकडे मनात धरून बघावं.

लंडनमध्ये उपकरणांच्या जोडीला माणसांवरही काम होतं. तिथले पोलीस चौकाचौकांत ट्रक उभा करून सायकलस्वारांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवत. डाव्या बाजूला सायकल घेऊन उभा असलेला पोलीस केबिनमधून दिसतो का, ते त्यांनी स्वतः पाहायचं. उलट बाजूने, ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणात त्यांना सायकलवर बसवून रहदारीत नेतात.

रोजची तपासणी मात्र ड्रायव्हरचीच. गाडी काढण्यापूर्वी फेरी मारून गार्डचे बोल्ट हाताने हलवून बघायचे, बिजागरीचा गार्ड खाली सोडलेला आहे ना ते पाहायचं, पाचव्या-सहाव्या आरशाच्या काचा आणि कॅमेऱ्याची भिंगं फडक्याने पुसायची, डावा इंडिकेटर टाकून बाहेरचा आवाज येतो का ऐकायचं. मग सहकाऱ्याला डाव्या चाकापाशी चालत जायला सांगून खांबावरचा दिवा लागतो का ते बघायचं. साइटवरून परत रस्त्यावर येताना हीच फेरी पुन्हा मारायची, कारण सकाळी पुसलेलं भिंग दुपारपर्यंत चिखलाने भरलेलं असतं.